हक्काचं माणूस

तान्ह्या बाळासाठी कोणती जागा चांगली? डॉक्टरांची रोजची फेरी असलेलं स्वच्छ, टापटीप बालगृह, की तुरुंग? प्रश्नच विचित्र वाटतो. पण १९४५ साली रेने स्पिट्झ या मूळच्या व्हिएन्नाच्या मानसतज्ज्ञाने नेमकी हीच तुलना प्रसिद्ध केली. तिचं उत्तर वाचताना आजही अंगावर काटा येतो.

त्याने पाहिलेल्या बालगृहात खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. पहिले काही महिने बाळांना अंगावरचं दूध मिळे. स्वच्छतेच्या बाबतीत तर तिथे कडक शिस्त होती. नंतर मात्र आठ-आठ बाळांमागे एक परिचारिका, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी अडकवलेल्या. आडव्या पडलेल्या बाळाला दिसायचं ते फक्त छत. दुसरं ठिकाण म्हणजे तुरुंगाला जोडलेलं पाळणाघर. तिथल्या आया शिक्षा भोगणाऱ्या तरुण मुली होत्या. पण त्या आपापल्या बाळाला रोज स्वतः न्हाऊ-माखू घालत, भरवत, त्याच्याशी खेळत.

वर्षभरात तुरुंगातली बाळं चारचौघांसारखी रांगू-बोलू लागली. स्पिट्झ निरीक्षण करत होता त्या काळात तिथलं एकही बाळ दगावलं नाही. बालगृहातली बाळं सुरुवातीला तुरुंगातल्या बाळांपेक्षा पुढे होती, ती मात्र महिन्यागणिक मागे पडत गेली. दोन वर्षांत त्यांतली एकतृतीयांशाहून अधिक मुलं वारली. जी जगली त्यांतल्या बऱ्याच जणांना चालता किंवा बोलता येत नव्हतं. दूध, औषध, स्वच्छ चादर, सगळं होतं. फक्त रोज तेच, ओळखीचं, आपलं असं एक माणूस नव्हतं.

मुलांच्या हक्कांविषयी बोलताना आपण अन्न, वस्त्र, निवारा आणि शाळेपासून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. पण गेल्या पाऊणशे वर्षांत विज्ञानाने आणि कायद्याने दोन वेगळ्या वाटांनी चालत एक पाचवा हक्क शोधून काढला आहे, आणि तो बाकीच्या चारांइतकाच मूलभूत आहे. तो आहे एका स्थिर, मायेच्या माणसाचा हक्क. पालनपोषणाची पर्यायी व्यवस्था, दत्तक प्रक्रिया, हिंसक घरातल्या मुलाचं संरक्षण, या सगळ्याच्या मुळाशी हाच एक धागा आहे.

मेंदू कोणाची वाट पाहतो?

सहा महिन्यांच्या बाळाकडे नीट बघा. ते हुंकार देतं आणि थांबतं. समोरचं माणूस 'अगं बाई, असं का!' म्हणतं. बाळ हात-पाय झाडतं, पुन्हा काहीतरी बोलतं, पुन्हा थांबतं. झिम्मा खेळताना टाळीला टाळी मिळावी तशी ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा चालते. आपल्याला तो निव्वळ लाडाकोडाचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात त्या घडीला मेंदूची बांधणी चाललेली असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक याने १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग सांगितल्याबरोबर ती काही क्षण चेहरा निर्विकार करते. ती कुठे जात नाही, रागावत नाही, फक्त प्रतिसाद देणं थांबवते. बाळाला ते लगेच कळतं. आधी ते हसून बघतं, मग ओरडून, मग हात पुढे करून. एकेक युक्ती फसत जाते तसं ते तोंड फिरवतं, अंग आक्रसून घेतं आणि अखेर रडू लागतं. बोलता न येणाऱ्या जिवाला आपण दिलेल्या हाकेला ओ येते की नाही याचं इतकं अचूक भान असतं, हे पाहून मन थक्क होतं.

यामागचं कारण आपल्या जन्मातच आहे. वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं. माणसाचं मूल मात्र बराचसा मेंदू बांधायचा शिल्लक ठेवून जन्माला येतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मज्जापेशींच्या जोडण्या प्रचंड वेगाने तयार होतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या गळून पडतात. डोळ्यांची यंत्रणा घडायला जसा प्रकाश लागतो, तशी भाषा, विश्वास आणि मनावरचा ताबा घडायला दुसरं माणूस लागतं. अगदी शांत होणंसुद्धा बाळ एकट्याने शिकत नाही. घाबरल्यावर कोणीतरी उचलून घेतं, पाठीवरून हात फिरवतं, छातीची धडधड मंदावते. हे हजारदा घडलं की शरीर स्वतःहून शांत व्हायला शिकतं. हाकेला कधीच ओ आली नाही, तर बाळ हाक मारणंच सोडून देतं.

बुखारेस्टची मुलं

स्पिट्झच्या अभ्यासावर टीका झाली, आणि ती रास्त होती. दोन्ही संस्थांमधली मुलं मुळातच वेगळी असतील तर? अशक्त बाळंच बालगृहात टाकली जात असतील तर? या शंकेचं पक्कं उत्तर मिळायला आणखी अर्धं शतक लागलं, आणि ते आलं रुमानियातून.

हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूला देशाची लोकसंख्या वाढवायची होती. त्याने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. लोकांकडे पोरं पोसायला पैसा नव्हता. त्यावर 'तुम्हाला जमत नसेल तर सरकार सांभाळेल' असं सांगत मोठमोठी बालगृहं उभी राहिली. १९८९च्या डिसेंबरात राजवट कोसळली तेव्हा त्यांत एक लाखाहून जास्त मुलं होती. त्यांतली बहुतेक अनाथ नव्हतीच. आईबाप जिवंत होते, फक्त गरीब होते.

काळाचा योग असा की त्याच्या महिनाभर आधी, २० नोव्हेंबर १९८९ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क संहिता मंजूर केली होती. कुटुंबाला पारखं झालेल्या मुलाला सरकारकडून विशेष संरक्षण मिळण्याचा हक्क आहे, असं तिचं विसावं कलम सांगतं. तो हक्क पायदळी तुडवला तर काय होतं, ते रुमानियात जगाला लगोलग दिसलं. बालगृहांत गेलेल्या पाहुण्यांना सर्वांत जास्त हादरा बसला तो तिथल्या शांततेने. खोल्या बाळांनी भरलेल्या, आणि रडण्याचा आवाज नाही.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी रुमानियाच्या बालसंरक्षण खात्याच्या पुढाकाराने बुखारेस्टमध्ये काम सुरू केलं. सहा संस्थांमधली १३६ मुलं निवडली, वयं सहा महिने ते एकतीस महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. ६८ मुलं पालक-कुटुंबात, म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरी ठेवून सांभाळणाऱ्या कुटुंबात गेली, ६८ आधीच्याच व्यवस्थेत राहिली. मुलांच्या नशिबाच्या चिठ्ठ्या टाकायच्या म्हणजे काय, असा प्रश्न मनात येतोच. तो संशोधकांनाही टोचत होता. पण तेव्हा बुखारेस्टमध्ये पालक-कुटुंबं जवळपास नव्हतीच. प्रकल्पानेच ५६ कुटुंबं शोधली, त्यांना शिकवलं, मानधन दिलं. अभ्यासासाठी कोणत्याही मुलाला संस्थेत अडकवून ठेवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. सरकारने आपली पालक-कुटुंबं उभी केली तशी दुसऱ्या गटातलीही पुष्कळ मुलं घरांत गेली.

साडेचार वर्षांच्या वयात मुलांचा बुद्ध्यंक मोजला. संस्थेच्या गटात सरासरी ७३, पालक-कुटुंबांच्या गटात ८१, आणि जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्या मुलांत १०९. पहिल्या दोन गटांतली मुलं तशीच, शहर तेच. फरक फक्त कोण सांभाळतं याचा. ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांची झेप सर्वांत मोठी होती. हीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख काढला, तेव्हा लवकर घर मिळालेल्यांचा आलेख कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांसारखा निघाला. मेंदूने आपलं गमावलेलं परत मिळवलं होतं, आणि तेही कोणत्याही औषधाशिवाय.

सगळं मात्र परत मिळालं नाही. मेंदूचा करड्या रंगाचा भाग, जिथे मज्जापेशींची दाटी असते, तो घर मिळालेल्या मुलांतही कमीच राहिला. त्या भागांना जोडणारा पांढरा भाग मात्र कुटुंबात गेलेल्यांमध्ये बराच सावरला. बारा वर्षांच्या वयात या मुलांना थोड्या ताणाच्या प्रसंगातून नेलं, वर्गासमोर बोलावं तसं. संस्थेत राहिलेल्यांची शरीरं जणू थिजून गेली होती. हृदयाचे ठोके आणि ताणाच्या संप्रेरकांची पातळी हवी तेवढी वाढलीच नाही. लहानपणीच घर मिळालेल्यांची शरीरं इतर मुलांसारखी वागली.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांमध्येही, जी एकाच घरात टिकली त्यांचं मन बाराव्या वर्षी अधिक स्वस्थ होतं. ज्यांची घरं बदलत गेली ती मागे पडली. म्हणजे नुसतं घर पुरत नाही, ते टिकावं लागतं. आणि दोन वर्षांनंतर दार बंद होतं असंही नाही. उशिरा घर मिळालेली मुलंही सुधारली, फक्त त्यांना चढ जास्त चढावा लागला. रुमानियाने २००४च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांना संस्थेत ठेवण्यावर बंदी घातली. अपवाद ठेवला तो फक्त तीव्र अपंगत्व असलेल्या बाळांचा.

घर आहे, पण भीतीचं

इथे कोणी म्हणेल की कुटुंब इतकं मोलाचं असेल, तर मुलाला कसंही करून घरातच ठेवावं. पण घरातच मारहाण होत असेल तर?

अमेरिकेत सेथ पोलॅक या मानसशास्त्रज्ञाने मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली. आधी अगदी अस्पष्ट, मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणारी. चेहऱ्यावर कोणती भावना आहे ते ओळखायचं. घरात मार खाल्लेल्या मुलांनी रागाचा चेहरा इतरांपेक्षा कितीतरी आधी ओळखला. नुसती कपाळावरची रेघ उमटू लागली की त्यांना कळे. बाकीच्या भावना ओळखण्यात मात्र ती इतरांच्या पुढे नव्हती. लंडनमध्ये इमन मॅक्रोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घरातली हिंसा अनुभवलेल्या मुलांचे मेंदू तपासले. ही मुलं वरवर ठीकठाक होती, कोणताही मानसिक आजार नव्हता. पण रागीट चेहरा दिसताच त्यांच्या मेंदूतली धोक्याची सूचना देणारी केंद्रं जास्तच उसळत होती. असाच नमुना संशोधकांना याआधी युद्ध पाहून आलेल्या सैनिकांत दिसला होता.

मला यात दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे मुलाच्या जिवाची अचाट हुशारी. बापाच्या चपलांचा आवाज, कुलपात किल्ली फिरण्याची पद्धत, आईने ताट ठेवलं तो आवाज, यांवरून आजची संध्याकाळ कशी जाणार ते सात वर्षांची पोर ओळखते. तिचा मेंदू बिघडलेला नाही, त्या घरात तगून राहण्यासाठी तो धारदार झाला आहे. दुसरी म्हणजे याची किंमत. जे लक्ष पाढे, गोष्टी आणि खेळ यांत जायला हवं ते सतत दाराकडे असतं. वर्गात बाईंनी सहज कपाळाला आठी घातली तरी तिला धोका दिसतो. मग तिच्यावर आगाऊ, हट्टी किंवा 'लक्ष नसतं हिचं' असा शिक्का बसतो. मार प्रत्यक्ष तिला बसत नसून आईला बसत असला, तरी हे चुकत नाही. दुसऱ्या खोलीत झोपलेलं मूल काहीच ऐकत नाही, हा मोठ्यांचा भाबडा समज आहे.

म्हणून बालहक्क संहितेत दोन कलमं शेजारधर्म पाळतात. नववं सांगतं, मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध आईवडिलांपासून तोडू नका, त्याच्या हितासाठी ते खरोखर गरजेचं असेल तरच, तेही कायद्याच्या मार्गाने. एकोणिसावं सांगतं, घरातसुद्धा मुलाला हिंसेपासून वाचवणं हे सरकारचं काम आहे. घर तोडणंही इजा करतं आणि घरात ठेवणंही इजा करू शकतं. या दोन्हींच्या मधून वाट काढणं, हे बालसंरक्षणाचं सगळ्यांत अवघड काम.

भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली. आपल्या कायद्यांत ही वाट बारकाईने आखलेली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा घ्या. बायकोला आणि मुलांना घराबाहेर पडून आसरा शोधायला लावण्याऐवजी, मारहाण करणाऱ्या पुरुषालाच घर सोडण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. मुलांचा तात्पुरता ताबाही आईकडे देता येतो. मुलाची शाळा, गल्ली, मैत्रिणी, आजी, सगळं जागच्या जागी राहतं आणि फक्त धोका बाहेर जातो. मुलाच्या बाजूने विचार केला की हा किती शहाणपणाचा उलटा हिशोब आहे ते उमगतं.

पायऱ्या उलट्या का मोजायच्या?

मुलांसाठीचा आपला मुख्य कायदा म्हणजे २०१५चा बाल न्याय अधिनियम. त्याच्या सुरुवातीलाच सोळा तत्त्वं दिली आहेत. त्यांतलं एक असं की, संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय. आधी जन्मदात्या कुटुंबाला उभं करायचं. ते नाहीच जमलं तर नात्यातलं कोणी. मग पालक-कुटुंब किंवा दत्तक. बालगृह सगळ्यात शेवटी, आणि तेही शक्य तितक्या कमी काळासाठी. बुखारेस्टच्या आलेखांनी जे दाखवलं तेच इथे कलमांच्या भाषेत लिहिलेलं आहे.

संकटात सापडलेलं मूल पोलीस, शिक्षक, परिचारिका किंवा कोणाही नागरिकाच्या नजरेस पडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणायचं असतं. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार या समितीला आहेत. समाजसेवक पंधरा दिवसांत घरी जाऊन अहवाल देतो. कोण कमावतं, कोण पितं, आजी धडधाकट आहे का, शेजारी काय सांगतात, मुलाला काय वाटतं. हा शेवटचा प्रश्न शोभेचा नाही. आपलं म्हणणं मांडण्याचा मुलाचा हक्क संहितेच्या बाराव्या कलमात आहे आणि आपल्या कायद्यातही. मुलाचं नाव, फोटो, शाळा, कशाचीही ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे, कारण आजची बातमी त्याच्या उद्याच्या आयुष्याला चिकटून राहते.

बहुतेक मुलांच्या बाबतीत या अहवालातून जे समोर येतं ते मायेचा अभाव नसतो, पैशाचा असतो. बाप गेला, आई दुसऱ्याच्या शेतात राबते, दोन पोरांना आश्रमात घालायचा विचार करते. रुमानियाच्या आयांनी हेच केलं होतं. अशा घरासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आईकडे, आजीकडे, मामाकडे राहणाऱ्या मुलासाठी दरमहा आर्थिक मदत मिळते आणि मूल घरातच वाढतं. सरकारी कागदावर ही छोटीशी रक्कम असते. बुखारेस्ट समजून घेतल्यावर ती एका मेंदूची पाठराखण वाटू लागते.

वारसापासून मुलापर्यंत

दत्तक हा शब्द मराठी माणसाला इतिहासातून ओळखीचा आहे. झाशीच्या राणीचा दामोदरराव, कोल्हापूरच्या गादीवर आलेले शाहू महाराज. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. या सगळ्यांत मूळ प्रश्न एकच होता, घराण्याला वारस कोण?

त्याच्या वर्षभरच आधी, १८७४ मध्ये, पुण्यात अगदी निराळं दत्तक झालं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप बाळंत व्हावं, बाळाला मारू नये, ठेवून जायचं असेल तर ठेवून जावं. तिथे आलेल्या एका विधवेचं बाळ या जोडप्याने आपलं केलं. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. इथे गादी नव्हती, जहागीर नव्हती, उलट समाजाचा रोष होता. प्रश्नच बदलला होता. या बाळाला घर कोण देणार?

आजचा दत्तक कायदा याच प्रश्नावर उभा आहे, पण तिथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. भारतीय मुलं परदेशात दत्तक देताना गैरप्रकार होतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. त्यांतूनच पुढे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण आलं. २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते.

दत्तकाला इतका वेळ का लागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. प्रत्येक मुदतीत कोणाचा तरी हक्क दडलेला आहे, हे कळलं की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. आईने बाळ समितीकडे सोपवलं तर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. बाळंतपणानंतरच्या भीतीत आणि घरच्यांच्या दबावाखाली घेतलेला निर्णय तिला मागे घेता यावा म्हणून. टाकून दिलेलं बाळ सापडलं तर आधी त्याच्या आईबापांचा शोध घ्यायचा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात फोटोसह येणारी ती जाहिरात त्याचाच भाग. दोन वर्षांखालचं मूल असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत समितीने ते दत्तकासाठी कायद्याने मोकळं असल्याचं जाहीर करायचं. हरवलेलं मूल चुकूनही 'सोडलेलं' ठरू नये म्हणून ही काळजी, आणि बालपणाचे दिवस कागदांत वाया जाऊ नयेत म्हणून ही मुदत.

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. दत्तकाचा आदेश २०२१च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन बघतं, मूल रुळलं का, आईबाबांना काही अडतंय का. मोठं झाल्यावर आपलं मूळ शोधण्याचा हक्कही मुलाला आहे. आपल्याला कोणी जन्म दिला हे जाणून घ्यायची ओढ म्हणजे वाढवणाऱ्यांशी कृतघ्नपणा नव्हे, हे कायद्याने मान्य केलं आहे.

म्हणूनच 'दवाखान्यातूनच परस्पर घेऊन टाकू, कशाला ते सगळं' हा सल्ला धोक्याचा आहे. असं करणं गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. त्याहून मोठं कारण असं की त्या वाटेवर आईचे दोन महिने नसतात, घर पाहायला येणारं कोणी नसतं, मुलाचं मूळ कायमचं पुसलं जातं, आणि मुलांच्या खरेदीविक्रीला तीच वाट सोयीची पडते.

आपल्या हातात काय?

आपल्याकडे वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या श्राद्धाला आश्रमातल्या मुलांना जेवण घालायची पद्धत आहे. त्यामागची भावना खरी असते. त्या आश्रमांमधल्या ताई, मावश्या, काळजीवाहक तुटपुंज्या पगारात जीव तोडून काम करतात, त्यांच्यामुळे हजारो मुलं जगली, शिकली. दोष त्यांचा नाही. पाळी संपली की घरी जावंच लागणारं माणूस वीस मुलांचं हक्काचं माणूस होऊ शकत नाही, एवढंच. म्हणून तेच पैसे एखाद्या विधवा आईचं घर उभं ठेवायला, एखाद्या आजीची औषधं आणायला, बालसंगोपनाचा अर्ज भरून द्यायला वापरले, तर मूल आश्रमाच्या दारापर्यंत जाणारच नाही. आणि जी मुलं आज तिथे आहेत, त्यांच्याबद्दल विचारण्याजोगा पहिला प्रश्न 'काय हवंय?' हा नाही. 'घरी कधी जाणार?' हा आहे.

शेजारच्या घरातून रोज रडण्याचा आवाज येत असेल, वर्गातलं एखादं पोर दचकत असेल, रस्त्यावर एकटं मूल दिसलं, तर १०९८ हा क्रमांक फिरवायचा. १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ही मदतवाहिनी सुरू झाली. आता ती सरकारमार्फत चालते. फोन करणं म्हणजे कोणाचं घर मोडणं नव्हे. तो फोन गेल्यावर घरात मदत येऊ शकते, बापाला आवर बसू शकतो, आईला आधार मिळू शकतो. मूल बाहेर काढणं ही त्यातली शेवटची पायरी असते.

स्पिट्झपासून बुखारेस्टपर्यंतच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध झाली, आणि तिचं मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. या औषधासाठी कोणताही कारखाना लागत नाही. रुमानियातल्या त्या ५६ घरांत कोणी तज्ज्ञ नव्हते, साधी माणसं होती. ती रोज त्याच मुलाला जेवू घालत होती, त्याच्या हाकेला ओ देत होती, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. जे साध्या माणसांना जमतं ते प्रत्येक मुलाला मिळत नसेल, तर अडचण माणसांच्या कमतरतेची नाही. मूल आणि ते माणूस यांची गाठ घालून देण्याचं, आणि ती गाठ टिकेल असं बघण्याचं काम आपण अजून पुरतं केलेलं नाही. कायदा तयार आहे, विज्ञान तयार आहे. आता ते काम करणं आपल्याकडे आहे.